आत गेलेल्या एसपी-एचं पुढं काय होतं : प्रकल्प नोंदी

३ जून

प्रकल्प आजपासून रीतसर सुरू. प्रश्न असा: फुप्फुसातल्या टाइप टू पेशी सर्फॅक्टंटमधलं एसपी-ए हे प्रथिन बाहेरून आत ओढून घेतात. त्यानंतर ते परत बाहेर सोडलं जातं, लॅमेलर बॉडीत (पेशीतलं सर्फॅक्टंटचं कोठार) साठवलं जातं, की लायसोसोममध्ये (पेशीतला पचनाचा कप्पा) मोडीत निघतं? तिन्ही थोडंफार होत असणार. किती, कधी आणि कुठल्या क्रमानं, ते बघायचं आहे.

पार्श्वभूमी, अहवालात लागेल म्हणून. सर्फॅक्टंट म्हणजे वायुकोशांच्या आतल्या ओल्या पृष्ठभागावरचा थर. वजनानं सुमारे ९० टक्के लिपिड, बाकी प्रथिनं. लिपिडांमध्ये डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिनचा वाटा सगळ्यात मोठा, पृष्ठताण खाली आणण्याचं मुख्य कामही त्याचंच. प्रथिनं चार: ए, बी, सी आणि डी. बी आणि सी लहान, पाण्यापासून दूर पळणारी, लिपिडाच्या थरातच घुसून बसणारी. ए आणि डी मोठी, पाण्यात विरघळणारी, जंतूंच्या अंगावरच्या साखरा पकडणाऱ्या कोलेक्टिन कुळातली. टाइप टू पेशी वायुकोशाच्या भिंतीचा दहा टक्केही भाग झाकत नाहीत, पण सगळ्या भिंतीला पुरेल एवढा माल त्यांनीच बनवायचा आणि वापरलेल्यातला बराचसा परतही त्यांनीच गोळा करायचा.

मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं आहे: ‘पेशीत सिग्नल दिसला’ एवढ्यावर कुठलंही वाक्य संपवायचं नाही. पटलावर चिकटलेलं, आत गेलेलं आणि आत जाऊन तुकडे झालेलं, या तिन्हींचा हिशेब वेगळा ठेवायचा.

६ जून

पेशी कुठल्या वापरायच्या यावर अर्धा दिवस वाद. ए५४९ ही प्रयोगशाळेत वाढवली जाणारी पेशी सहज वाढते, फ्रीझरमध्ये पडून आहे, पण ती मुळात फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेली. टाइप टू म्हणून तिचा उल्लेख सर्रास होतो, तरी नीट भरलेल्या लॅमेलर बॉडी तिच्यात शोधाव्या लागतात. साठवणुकीच्या प्रश्नाला कोठारच नसलेली पेशी काय कामाची? माझं मत ताज्या पेशींच्या बाजूनं, आणि तेच ठरलं.

पद्धत जुनीच. रॅटच्या फुप्फुसातलं रक्त धुऊन काढायचं, श्वासनलिकेतून ऊती सैल करणारं इलास्टेज सोडायचं, ऊती बारीक करून जाळीतून गाळायची. मिळालेल्या मिश्रणात मॅक्रोफेज, म्हणजे कचरा आणि जंतू खाणाऱ्या पेशी, पुष्कळ असतात. म्हणून मिश्रण आयजीजी या अँटिबॉडीचा लेप दिलेल्या डिशमध्ये ठेवायचं. मॅक्रोफेजच्या अंगावर आयजीजीला धरणारे रिसेप्टर असतात, त्या तळाला चिकटून बसतात आणि टाइप टू तरंगत राहतात.

ही पायरी घाईत उरकायची नाही. मॅक्रोफेजही एसपी-ए खातात, तेही अधाशीपणानं, आणि खाल्लेलं मोडून टाकतात. शंभरातल्या पाच-सहा पेशी जरी त्यांच्या निघाल्या तरी ‘टाइप टूनं किती मोडलं’ हा आकडा फसवा होईल. त्यामुळं प्रत्येक खेपेला मोजणी.

दुसरी अडचण वेळेची. प्लास्टिकवर टाकलेल्या टाइप टू पेशी काही दिवसांतच पसरट होतात, लॅमेलर बॉडी गमावतात आणि वायुकोशाच्या भिंतीतल्या चपट्या टाइप वन पेशींसारख्या दिसू लागतात. रात्रभर बसू द्यायच्या, सकाळी प्रयोग. शिळ्या पेशींवर काम नाही.

१० जून

आजचा दिवस प्रथिनाचा. आमचं एसपी-ए अल्व्हिओलर प्रोटिनोसिस या आजारात फुप्फुस धुताना निघालेल्या द्रवातून काढलेलं, रीतसर परवानगीनं मिळालेलं. या आजारात सर्फॅक्टंट वायुकोशांत साचून राहतं, त्यामुळं द्रव गढूळ पांढरा असतो आणि त्यात एसपी-ए भरपूर मिळतं. ब्युटॅनॉलनं लिपिड निघून जातं, एसपी-ए खाली बसतं. मग डिटर्जंटचा हात आणि शेवटी अगदी कमी क्षाराच्या बफरमध्ये विरघळवणं.

जेलवर एकच रेघ येत नाही. २८ ते ३६ किलोडाल्टनमध्ये पसरलेला पट्टा दिसतो, कारण साखळ्यांवर साखरा कमीजास्त लागलेल्या असतात. न उकळलेलं प्रथिन मात्र प्रचंड: तीन साखळ्यांचा पीळ, असे सहा पीळ बुडाशी बांधलेले, म्हणजे १८ साखळ्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते फुलांच्या गुच्छासारखं दिसतं, वर सहा डोकी आणि खाली एक देठ. लिपिडाला आणि साखरेला धरायचं काम डोक्यांचं, आणि त्यासाठी कॅल्शियम लागतं.

रंग लावताना भीती या डोक्यांचीच. चमकणारा रंग प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लावर बसतो. तो नेमका पकडीच्या जागी बसला तर प्रथिन दिसेल, पण काम करणार नाही. म्हणून रंगवलेल्या प्रथिनाची परीक्षा: लिपिडाच्या पुटकुळ्यांचं पातळ द्रावण, त्यात एसपी-ए, मग कॅल्शियम. प्रथिन शाबूत असेल तर पुटकुळ्या एकमेकींना चिकटून द्रावण गढूळ होतं. झालं. वर कॅल्शियम बांधून टाकणारं ईजीटीए टाकल्यावर निवळलंही. ही तुकडी वापरायला हरकत नाही.

दोन गोष्टी अहवालात लिहाव्याच लागतील. एक, हे माणसाचं प्रथिन आहे आणि पेशी रॅटच्या. माणसात एसपी-एची दोन जनुकं, रॅटमध्ये एकच. दोन, आजारी फुप्फुसातून काढलेल्या एसपी-एचे गठ्ठे नेहमीपेक्षा मोठे असू शकतात. शिवाय एसपी-ए एंडोटॉक्सिनला, म्हणजे जंतूंच्या आवरणातल्या विषाला, धरून बसतं. ते काढून, तपासून मगच पेशींवर.

१३ जून

बर्फावरचा प्रयोग. थंडीत पेशी काही आत ओढत नाही, पण पटलावर चिकटणं चालू राहतं. त्यामुळं चार अंशांवर जे मोजू ते फक्त चिकटणं.

प्लेट बर्फाच्या ट्रेवर, बफर आधीपासून थंड, पिपेटची टोकंही थंड. हात चालवावा लागतो, कारण ट्रेवरून उचललेली प्लेट बघता बघता तापते. रंगवलेलं एसपी-ए घातलं, थांबलो, मग धुलाई तीन तऱ्हांची. काही खाचांना कॅल्शियमचा बफर, काहींना ईजीटीएचा, काहींना ईजीटीएनंतर प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन, हलकंसं.

कन्फोकल मायक्रोस्कोपखाली पहिल्या गटात पेशीच्या कडेनं हिरवं कडं. सलग नाही. वरच्या अंगाला, जिथं बारीक केसांसारखे मायक्रोव्हिलाय असतात तिथं दाट, जिथं पेशी शेजारणीला टेकते तिथं जवळजवळ नाहीच. ईजीटीएच्या गटात कडं तुटक झालं, ट्रिप्सिननंतर नाहीसं. मधला भाग काळा, म्हणजे आत काही गेलेलं नाही. न रंगवलेलं एसपी-ए भरपूर घातलेल्या खाचांतही कडं फिकं. जागा मर्यादित आहेत आणि त्या एसपी-एसाठीच आहेत. रंगवलेल्या अल्ब्युमिनला तर कुणी विचारलंच नाही.

१९८०च्या दशकात किरणोत्सारी आयोडीन लावलेल्या एसपी-एवर हेच दाखवलं गेलं होतं: टाइप टू पेशींवर त्याला धरणाऱ्या ठरावीक जागा आहेत आणि त्या भरतात. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, आणखी एक गोष्ट पुढं आली. बाहेर एसपी-ए वाढलं की टाइप टू पेशी सर्फॅक्टंट सोडणं कमी करतात. म्हणजे हे प्रथिन पेशीला बाहेरचा साठाही कळवत असावं. आमच्या प्रश्नाला ही बाब फार जवळची आहे, पण आत्ता त्या वाटेला जायचं नाही.

ट्रिप्सिनची धुलाई यापुढं प्रत्येक प्रयोगात. तिच्याविना ‘आत’ म्हणणं बंद.

१८ जून

बर्फावर चिकटवलं, धुतलं, मग ३७ अंश. सुरुवातीच्या काही मिनिटांतच कडं विस्कटलं आणि पटलाच्या लगेच खाली ठिपके आले. थोड्या वेळानं ठिपके आतल्या बाजूला सरकलेले. आता ट्रिप्सिन दिलं तरी ते जात नाहीत.

प्रवेश कुठून होतो ते पाहायला दोन अडथळे वापरले. पेशी माल आत ओढते ते पटलावरचे खळगे क्लॅथ्रिन या प्रथिनानं घडतात; जास्त सुक्रोजच्या बफरमध्ये ते बनत नाहीत. तिथं ठिपके जवळजवळ थांबले, कडं मात्र तसंच राहिलं. सोन्याचे कण चिकटवलेलं एसपी-ए घेऊन पूर्वी झालेल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीतही कण आधी याच खळग्यांत, मग पुटकुळ्यांत, मग मल्टिव्हेसिक्युलर बॉडीत (पोटात लहान पुटकुळ्या असलेला कप्पा) आणि शेवटी लॅमेलर बॉडीत दिसले होते. दुसरा अडथळा अ‍ॅक्टिनचा. पेशीच्या आतल्या सांगाड्यातलं हे प्रथिन. ते अडवल्यावर एसपी-एवर फारसा परिणाम नाही, सोबत दिलेल्या लिपिडाचं आत जाणं मात्र कमी झालं. हे जुळतं. एसपी-एचं जनुक काढलेल्या उंदरांच्या पेशी लिपिड घेतच राहतात, पण अ‍ॅक्टिनच्या वाटेनं. दोन दरवाजे आहेत. एसपी-ए असलं की क्लॅथ्रिनचा जास्त वापरला जातो.

रिसेप्टर कोण, याचं सगळ्यात ठोस उत्तर पी६३, म्हणजेच सीकेएपी४. गंमत अशी की हे प्रथिन मुख्यतः पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पत्र्यांना आधार देणारं म्हणून ओळखलं जातं. टाइप टू पेशीत त्यातलं काही बाहेरच्या पटलावर येतं आणि एसपी-ए धरतं. सर्फॅक्टंट सोडायला लावणारं द्रव्य दिलं, जसं ८-ब्रोमो-सीएएमपी, की पटलावरच्या जागा वाढतात. आम्हीही ते देऊन पाहिलं, कडं ठळक झालं. सोडण्याचा वेग वाढला की गोळा करण्याची क्षमताही वाढते, दोन्ही एकाच इशाऱ्यावर. मला या प्रकल्पात आत्तापर्यंत सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

१९ जून

कन्फोकलचा लेझर दुरुस्तीला. पेशी फुकट. मोजणीच्या वह्या लावल्या.

२३ जून

आजचा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

लिपिडाला लाल रंग, एसपी-एला हिरवा, दोन्ही एकत्र दिले. प्रवेशानंतर सुरुवातीच्या काही मिनिटांत बहुतेक ठिपके पिवळे: लाल-हिरवे एकाच जागी. ईईए१ या प्रथिनाची खूण लावली तर तीही तिथंच, म्हणजे ही सुरुवातीची एंडोसोम, आत आलेला माल आधी पोहोचतो ते कप्पे. इथपर्यंत दोघांचा प्रवास एकत्र.

नंतर फाटाफूट. लाल ठिपके आत, केंद्रकाच्या बाजूला, रॅब७ ही पुढच्या टप्प्याची खूण असलेल्या कप्प्यांकडं गेले आणि पुढं मोठ्या गोल आकारांत, बहुधा लॅमेलर बॉडीत, मिसळले. हिरव्यातला बराच भाग तिकडं गेलाच नाही. तो रॅब४ असलेल्या लहान पुटकुळ्यांत दिसला, आणि रॅब४ ही पटलाकडं लवकर परतणाऱ्या पुटकुळ्यांची खूण. रॅटच्या टाइप टू पेशींवर २००१ मध्ये छापून आलेलं चित्रही असंच होतं. हिरवा सगळाच परतला असं नाही. थोडा मोठ्या आकारांतही दिसतो.

म्हणजे एसपी-एचे दोन फेरे आहेत. आखूड फेरा: पटल, एंडोसोम, परत पटल. लांब फेरा: पटल, एंडोसोम, मल्टिव्हेसिक्युलर बॉडी, लॅमेलर बॉडी आणि तिच्यासोबत बाहेर. ‘पुनर्वापर’ म्हणताना दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात, आणि निरनिराळ्या प्रयोगांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं एक कारण हेच असणार, असं माझं मत. दहा मिनिटांनी मोजलं तर आखूड फेराच दिसेल, दोन तासांनी मोजलं तर दोन्हींची खिचडी.

रंगाबद्दल एक सावधगिरी. प्रथिनाचे तुकडे झाले तरी रंग चमकतच राहतो. लायसोसोममधला हिरवा ठिपका म्हणजे एसपी-ए असं नाही, तिथं नुसता रंग लागलेला दोन-तीन अमिनो आम्लांचा तुकडाही असू शकतो. फ्लुओरेसिन या रंगाची खोड उलटी. आम्लात तो मंदावतो, आणि लॅमेलर बॉडीचा पीएच ६ च्या आसपास असतो, त्यामुळं प्रथिन तिथं असूनही कमी दिसेल. म्हणून आम्ही आम्लाची पर्वा न करणारा रंग घेतला आहे, आणि माध्यमात परत आलेल्या मालाची परीक्षा वेगळी: ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लानं खाली बसलं तर अखंड प्रथिन, वर द्रवात राहिलं तर तुकडे. आज खाली बसलेला भाग बराच जास्त होता. टाइप टू पेशी एसपी-ए मुख्यतः परत करतात, हे आमच्या प्लेटमध्ये तरी दिसलं.

२६ जून

अहवालातली आकृती काढायला बसलो आणि पहिल्याच बाणावर अडलो. सगळीकडं एकच आकृती असते: पेशी सर्फॅक्टंट बनवते, लॅमेलर बॉडीत भरते, बाहेर सोडते, वापरलेलं परत घेते. लिपिडासाठी हे ठीक. बी आणि सी प्रथिनांसाठीही ठीक. एसपी-बी आधी ३८१ अमिनो आम्लांची लांब साखळी म्हणून बनतं आणि गोल्जीतून मल्टिव्हेसिक्युलर बॉडीत, तिथून लॅमेलर बॉडीत जाताना दोन्ही टोकांनी छाटलं जाऊन ७९ अमिनो आम्लांचं उरतं. एसपी-सीही याच वाटेनं १९७ वरून ३५ वर येतं. एसपी-बी नसेल तर लॅमेलर बॉडी नीट घडतच नाहीत आणि सीची छाटणीही अर्धवट राहते. अशी बाळं जन्मताच श्वासाच्या गंभीर त्रासात सापडतात. हा आनुवंशिक दोष १९९३ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला.

एसपी-ए वेगळं. नव्यानं बनलेल्या एसपी-एचा माग काढणाऱ्या प्रयोगांत ते लॅमेलर बॉडीची वाट न बघता, वेगळ्या रस्त्यानं थेट बाहेर गेलेलं दिसतं. मग लॅमेलर बॉडीत जे थोडं एसपी-ए सापडतं ते आलं कुठून? बऱ्याच अंशी बाहेरून, आत ओढून घेतलेलं. म्हणजे एसपी-एसाठी बाहेरून लॅमेलर बॉडीकडं जाणारा बाण हा परतीचा नाहीच, तिथं पोहोचायची ती त्याची मुख्य वाट आहे.

सगळ्यांना एकाच वर्तुळात बसवणारी आकृती मी काढणार नाही, असं मॅडमना सांगितलं. त्यांचं म्हणणं, वाचणाऱ्याला चार आकृत्या दिल्यास तो एकही बघणार नाही. तोडगा: एकच पेशी, तीन रंगांच्या वाटा, मल्टिव्हेसिक्युलर बॉडी मध्यभागी. नाहीतरी नवा माल आणि परत आलेला माल तिथंच एकत्र येतो. ती जागा आकृतीत मोठी काढली आहे, मापाला धरून नाही. तळटीप देईन.

१ जुलै

लहानसं गणिती प्रारूप. माल बाहेर गेला, त्यातला ‘र’ एवढा भाग परत येऊन पुन्हा बाहेर जातो, उरलेला मोडतो. मग एक रेणू सरासरी किती वेळा बाहेर जाईल? १ भागिले (१ वजा र).

आकडे घालून पाहिले. लिपिडासाठी सशांवर झालेल्या कामात नवजात पिलांमध्ये पुनर्वापर ९० टक्क्यांहून जास्त, मोठ्या सशांत साधारण २५ ते ५० टक्के. ९० टक्के धरले तर रेणू सरासरी दहा वेळा बाहेर जातो. ५० टक्के धरले तर दोनदा, २५ टक्के धरले तर जेमतेम सव्वा-दीड वेळा. ९० वरून ९५ केलं की दहाचे वीस होतात. वरच्या टोकाला पाच टक्क्यांचा फरकही हिशेब दुप्पट करतो, त्यामुळं नवजातांचा पुनर्वापर मोजताना लहानशी चूकही महागात पडेल.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेरून सर्फॅक्टंट देतात तेव्हा एकच मात्रा बराच काळ उपयोगी का पडते, याचं एक कारण या गणितात आहे. दिलेलं लिपिड पेशी आत घेतात आणि पुन्हा बाहेर काढतात. बाळाचा स्वतःचा साठा तयार होईपर्यंत हा उसना माल फिरत राहतो.

एसपी-एला हे एकच ‘र’ पुरत नाही. दोन फेऱ्यांचे दोन ‘र’ घ्यावे लागतात आणि आखूड फेऱ्याचा वेळ फार कमी. आजच्या प्रारूपात हे घातलं की सुरुवातीला झपाट्यानं बदलणारी आणि नंतर संथ होणारी वक्ररेषा येते, २३ जूनच्या मोजणीसारखीच. चाचपणी म्हणून ठीक आहे. दोन संथ-वेगवान भाग असलेली रेषा इतर कारणांनीही येते, त्यामुळं हा पुरावा नाही.

५ जुलै

गटाच्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला: एसपी-एचं जनुक काढलेले उंदीर तर जगतात, श्वासही नीट घेतात, मग हा सगळा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. १९९६ मध्ये केलेल्या अशा उंदरांत ट्युब्युलर मायलिन ही जाळीदार रचना जवळजवळ नाहीशी होते, पण फुप्फुस चालतं. उणीव दिसते ती जंतुसंसर्गात. एसपी-डी काढलं, १९९८ मध्ये, तर मात्र लिपिडाचा साठा बराच वाढतो आणि मॅक्रोफेज फेसाळ दिसू लागतात. साठ्याचं नियंत्रण ए करतं असं मानणाऱ्यांना हा धक्काच होता.

माझं उत्तर: एसपी-एवाचून लिपिड आत जाऊ शकतं हे १८ जूनला आम्हीच नोंदवलं. त्यामुळं ‘एसपी-ए नसेल तर पुनर्वापर बंद’ असा दावा आमचा नाही. आम्ही विचारतोय की एसपी-ए असताना ते स्वतः कुठं जातं. बैठकीतल्या सगळ्यांना हे पटलं असं वाटलं नाही, पण अहवालाच्या प्रस्तावनेत हे वाक्य जसंच्या तसं जाईल.

मोडण्याच्या बाजूचं सगळ्यात बोलकं उदाहरण मॅक्रोफेजचं. १९९४ मध्ये जीएम-सीएसएफ या, मॅक्रोफेजना कामासाठी लागणाऱ्या, इशारा देणाऱ्या प्रथिनाचं जनुक काढलेल्या उंदरांचं फुप्फुस सर्फॅक्टंटनं भरून गेलं. टाइप टू पेशी जास्त माल बनवत होत्या म्हणून नाही. बनवण्याचा वेग नेहमीसारखाच होता, मॅक्रोफेज खाल्लेलं पचवू शकत नव्हत्या. पुढं १९९९ मध्ये माणसातल्या प्रोटिनोसिसच्या नेहमीच्या प्रकारात जीएम-सीएसएफविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. आमच्या बाटलीतलं एसपी-ए अशाच अडलेल्या फुप्फुसांतून आलं आहे. टाइप टू पेशी काही भाग स्वतः मोडतात, पण त्यांचा मुख्य कल परत करण्याकडं. मॅक्रोफेजनी खाल्लेलं परत येत नाही. ६ जूनच्या त्या मोजणीवर आता कुणी कुरकुर करत नाही.

८ जुलै

पुढच्या टप्प्यासाठी रंग बाजूला ठेवून बायोटिन, म्हणजे प्रथिनावर खूण म्हणून लावायचा लहान रेणू. ते अशा दुव्यानं लावायचं की बाहेरून ग्लुटाथायोन दिलं की पटलावरचं सुटतं आणि आतलं तसंच राहतं. एकदा आत घेतलेलं, परत बाहेर आलेलं आणि दुसऱ्यांदा आत गेलेलं असे फेरे वेगळे मोजता येतील. ट्रिप्सिनची गरज कमी होईल, पेशींनाही बरं.

काळाचे थांबे: ५, १०, २०, ४० मिनिटं, मग २ आणि ४ तास. सुरुवातीचे थांबे मुद्दाम दाट ठेवले, आखूड फेरा तिथंच निसटतो. प्रत्येक थांब्याला पेशी, माध्यम आणि धुलाईचं पाणी अशी तीन वेगळी नळकांडी, धुलाईचं फेकायचं नाही. सोबत तीच मालिका शुद्ध मॅक्रोफेजवर, म्हणजे तुलनेला आधार राहील. प्रथिनाची जुनी तुकडी संपत आली आहे. नव्या तुकडीची गढूळपणाची परीक्षा आधी, पेशी नंतर.